सख्खे भाऊ, एकच डीजे: जोडी टिकते का? हाऊसवाल्यांनी सांगा

सेलूचा_धाकटा

राम राम मंडळी. प्रश्न लांबडा आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही दोघं भाऊ, सेलू तालुका, जिल्हा परभणी. दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. त्याचा डीजेचा धंदा आहे. आयशर, बेस नि टॉपचे स्पीकर, जनरेटर, दोन शार्प्या (झोताच्या लाइटी), सगळं हप्त्यावर. लग्नसराईत हळदी नि वराती, बाकी वर्षभर जयंत्या, गणपती, कुणाचा तरी वाढदिवस. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, आणि तीन वर्षं झाली एफएल स्टुडिओ या कॉम्प्युटरच्या सॉफ्टवेअरवर गाणी बनवायलोय. हाऊस, म्हणजे नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत. चार मात्रांना चार किक (बेस ड्रमचा ठोका), १२०-१२५ बीपीएम म्हणजे मिनिटाला तेवढे ठोके, एकसारखं चालत राहणारं. आमच्याकडं हाऊस म्हटलं की लोक विचारतात, घरकुलाची यादी लागली का?

मागच्या उन्हाळ्यात जिंतूरकडच्या एका गावात हळद होती. दादा जेवायला बसला आणि कंट्रोलर माझ्या हातात. म्हटलं आज आपलं लावायचं. लावलं. पहिलं मिनिट लोक थांबले, वाटलं ऐकायलेत. दुसऱ्या मिनिटाला पोरं मोबाईल काढून बसली. तिसऱ्या मिनिटाला नवरदेवाचे मामा गाडीजवळ आले आणि मला म्हणाले, "बिघडलं का काय?" अहो, किक छातीवर आदळत होती! पण शब्द नाहीत म्हणजे त्यांच्या हिशेबी गाणं बंद पडलेलं. तेवढ्यात दादा उष्ट्या हातानं पळत आला, डाव्या हातानं दुसऱ्या डेकवर रोजचं गाणं चढवलं आणि पुढच्या समेला अख्खा मांडव उठला. त्याच्या बोटाला लागलेला वरणाचा डाग अजून फेडरवर आहे. मी पुसला नाही. मुद्दाम.

परत येताना रात्री आयशरमध्ये तो एवढंच बोलला: "तुझ्या गाण्यानं पाय हलतोय, खांदा हलत नाही."

तेव्हापासून घरात कुरबुर. दादा म्हणतो, कॉलेज झालं की पूर्ण वेळ ये, दोघांच्या नावाचा बोर्ड करू. मी म्हणतो माझं नाव वेगळं राहू दे. कापसाचे थोडे पैसे आले तर त्याला आणखी दोन बेस पाहिजेत, मला स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे गाणं तपासून ऐकायचे स्पीकर, पाहिजेत. आई म्हणते, भावकीत वाटण्या काय कमी झाल्यात का, आता आवाजाची पण वाटणी करा.

तर विचारायचं असं, की हाऊसमध्ये सख्खे भाऊ-बहिणी बरेच दिसतात. डिस्क्लोजर, मार्टिनेझ ब्रदर्स मला माहीत आहेत. त्यांच्यात कोण काय करतं? एका नावाखाली दोघं कसे मावतात? माहिती असेल त्यांनी सांगा. "मेहनत करा" असलं सांगू नका, त्यासाठी मामा आहेत.

---

जुनी_कॅसेट (नांदेड)

मामांचा किस्सा वाचून चहा नाकात गेला.

आधी एक गाळणी लावू. नावात ब्रदर्स असलं म्हणजे भाऊ असतातच असं नाही. केमिकल ब्रदर्स भाऊ नाहीत. टॉम रोलँड्स आणि एड सायमन्स हे मँचेस्टरला शिकताना भेटलेले दोस्त. आणि ऑर्बिटलच्या नावात भाऊ कुठंच नाही, पण फिल आणि पॉल हार्टनॉल एका आईची पोरं. (ऑर्बिटल टेक्नोकडं झुकतं, हाऊस नव्हे, हे मला माहीत आहे. कुणी अंगावर येऊ नका.) लंडनभोवती एम-२५ नावाचा वळसा-रस्ता आहे, त्याला ऑर्बिटल म्हणतात, त्याच्यावरनं नाव घेतलं. आपण नांदेडच्या बायपासचं नाव डीजेला ठेवल्यासारखं.

त्यांचं 'चाइम' १९८९ चं. घरच्या जिन्याखाली सामान मांडलेलं आणि वडिलांच्या साध्या कॅसेट डेकवर रेकॉर्ड केलेलं. पुढं ते इंग्लंडच्या गाण्यांच्या यादीत पहिल्या वीसात गेलं. तुला मॉनिटर पाहिजेत ना, घे, पण नाहीत म्हणून थांबू नको, एवढ्यासाठी सांगितलं. आणि टिकण्याचं विचारशील तर २००४ ला थांबले, २००९ ला परत आले, २०१४ ला पुन्हा थांबले, २०१७ ला पुन्हा आले. दोनदा चूल वेगळी केली आणि दोनदा एक केली. आपल्या भावकीत एवढं कुणाला जमतंय?

स्टेजवर दोघं चष्म्याला दोन बाजूंनी बॅटऱ्या लावून उभे राहतात. लोकांना ती स्टाइल वाटते, पण अंधारात बटणं दिसावीत म्हणून ती सोय होती. वरातीत शार्पी डोळ्यात मारत असताना तुझ्या दादाच्या कामाची वस्तू आहे.

आता खरं हाऊस. बरेल बंधू, रॉनल्ड आणि रेजी, जुळे. तुझ्या प्रश्नाला सगळ्यात जवळचं उदाहरण हेच, आणि आपल्याकडं यांचं नाव कुणी घेत नाही. १९८८ मध्ये व्हर्जिन या रेकॉर्ड कंपनीनं दोघांना आर अँड बी गाणारी जोडी म्हणून पुढं आणलं. एक आडनाव, एक फोटो, एक अल्बम. त्याच वर्षी न्यूयॉर्कात फ्रँक आणि कॅरन मेंडेझ यांनी नू ग्रूव्ह नावाचं छोटं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, काढलं, आणि त्याचा सुरुवातीचा बराच माल या दोघांचा. पण तिथं रेकॉर्डवर जोडीचं नाव नाही. एन. वाय. हाऊसन अथॉरिटी, अॅफ्रोडिझियाक, के.ए.टी.ओ. अशी ढीगभर टोपणनावं, एक रेकॉर्ड याची, एक त्याची. दुकानात गिऱ्हाइकाला वाटायचं दहा-बारा कलाकार आहेत. लेबल १९९२ ला बंद झालं, पण त्या रेकॉर्डी आजही लोक हुडकतात. मोठ्या कंपनीनं एका चौकटीत बसवलेले दोघं आज कुणाला आठवत नाहीत, आणि वेगळ्या नावानं केलेलं काम राहिलं. तू काय ते बघ.

---

बेसवाला_लातूर

जुनी कॅसेट साहेब, माहिती एक नंबर. पण पोराला निस्तं न्यूयॉर्क दाखवायलाव तुम्ही.

भावा, मी बारा वर्षं गाडीवर आहे. पहिलं सांग, दादाचा महिन्याचा हप्ता किती हाय? सांगू नको हितं, मनात मोज. मग तुझे मॉनिटर का त्याचे बेस, ते आपोआप ठरतंय. सुपारी दादाच्या नावावर येती. इसार दादा घेतो. पार्टीनं पैसे बुडवले तर दारात दादा उभा राहतो. तू तीन मिनिटं गाणं लावलंस.

आता तुझ्या बाजूनं एक सांगतो. गाडीचा धंदा कायमचा नाही रे. आवाजाचा नियम २००० सालचा हाय, वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री दहानंतर बंद. सणावाराला काही दिवस बारापर्यंत सूट देतात, तेवढीच. माझा एक टॉप नुसता खोकला तरी ५५ च्या वर जातो. दरवर्षी आम्ही चौकीत बसून सह्या करतो. मागच्या वर्षी माझा मिक्सर दीड महिना जप्तीत होता, ऐन सीझनमध्ये. म्हणून म्हणतो, घरात एक जण असा असू दे ज्याचं काम जप्त होत नाही. गाणं कोण जप्त करंल?

फक्त लोकांना नागीन लागती. ती लावली की म्हातारा पण मातीत लोळतो. तुझं हाऊस लावून कोण लोळंल ते सांग.

---

जुनी_कॅसेट (नांदेड)

बेसवाले, नागीनचं नाव काढलंत म्हणून. १९५४ च्या 'नागिन'मधली ती पुंगी म्हणजे पुंगी नव्हेच. ते क्लॅव्हायोलिन, म्हणजे विजेवर चालणारं छोटं कीबोर्ड, आणि वाजवलं होतं कल्याणजींनी. तेच, पुढं धाकट्या आनंदजींबरोबर संगीतकार जोडी झालेले. म्हणजे तुमचा म्हातारा सत्तर वर्षं इलेक्ट्रॉनिक म्युझिकवर लोळतोय, आणि वाजवणारा सख्ख्या भावांच्या जोडीतला थोरला. धाकट्याला सांगा हे.

---

सेलूचा_धाकटा

लय आभार. नागीनचं दादाला सांगितलं तर म्हणला, "मग तू पण पुंगी बनव."

बेसवाले दादा, हप्त्याचं मनात मोजलं. गप बसलो.

पण मला ते खांद्याचं काही सुटंना. तुम्हाला सांगतो मी काय केलं. मामाच्या घरी लग्नानंतर गोंधळ होता. गोंधळी तुळजापूरकडचे. संबळ वाजायला लागला आणि माझी आजी, जिला उठायला दोन माणसं लागतात, ती बसल्या जागी खांदे उडवायला लागली. पायाचा प्रश्नच नाही, निस्ता खांदा. मी मोबाईल संबळापाशी धरून चार मिनिटं रेकॉर्ड केलं. घरी येऊन तुकडा कापला, १२२ वर ताणला आणि माझ्या किकवर ठेवला.

पहिल्या मात्रेला बरोबर बसतंय. पुढच्या मात्रेला पण बसतंय. पण मधले जे ठोके आहेत ते माझ्या हाय-हॅटला (झांजेचा बारीक ठोका) घासतात. हाय-हॅट म्हणतंय डावीकडं, संबळ म्हणतंय उजवीकडं. नवीन खोंड जुंपल्यावर जू एका बाजूला कलतं ना, तसं. मी संबळाचे ठोके एकेक ओढून हाय-हॅटच्या रेघेवर बसवले. बसले. आणि मेले. सगळं सरळ झालं पण आजीचा खांदा गेला त्याच्यातनं. चार रात्री गेल्या. दादा रात्री येऊन हेडफोन लावून ऐकतो, मान हलवतो, काही बोलत नाही, झोपतो.

कुणाला कळतंय का काय चुकायलंय?

---

औरंगपुऱ्याची_ताई

अरे धाकट्या, तू संबळ मारलास आणि वर विचारतोस काय चुकलं!

मी तबल्यावाली. संभाजीनगरला शिकले, आता साऊंडचं काम करते. तुझ्या एफएलच्या पट्टीत एका मात्रेचे चार तुकडे पडतात. तुझ्या त्या संबळात एका मात्रेचे तीन आहेत. दादऱ्याच्या अंगानं चाललंय ते. मात्रा दोघांची एकच, म्हणून पहिला ठोका जुळतो, पोट वेगळं आहे. तीनचं पोट तू चारच्या पँटीत कोंबलंस. खांदा त्या तिसऱ्या तुकड्यात असतो. त्याच्यामुळं पुढचा ठोका जरा उशिरा आल्यासारखा वाटतो आणि अंग उचललं जातं.

संबळ जसा वाजला तसाच ठेव. बदलायचं ते हाय-हॅटला. पियानो रोलमध्ये (एफएलमध्ये ठोके लिहायची खिडकी) स्नॅप, म्हणजे ठोके चिकटतात त्या रेघा, एक-तृतीयांश बीटवर टाक आणि हाय-हॅट नव्यानं लिही. किकला हात लावू नको, ती चारचीच राहू दे.

आणि हे हाऊसमध्ये चालत नाही असं कुणी म्हणालं तर त्याला डिस्क्लोजरचं 'लॅच' ऐकव. २०१२ चं, सॅम स्मिथ गायलाय. १२२ च्या आसपासच आहे, आणि सहा-आठच्या लयीत आहे. सरळ चारचं नाही. एका मात्रेत तीन. कान देऊन ऐक, तुला आजीचा खांदा दिसेल त्याच्यात. त्या एका गाण्यावर दोघं भाऊ कुठल्या कुठं गेले. पुढच्याच वर्षी 'सेटल' हा पहिला अल्बम इंग्लंडात एक नंबरला.

आता तुझा मूळ प्रश्न. गाय लॉरेन्स १९९१ चा, हॉवर्ड १९९४ चा. लंडनच्या दक्षिणेला रायगेट म्हणून गाव आहे तिथले, आई-वडील दोघंही संगीतातले. गाय मूळचा ड्रमवाला, हॉवर्ड बेस गिटारवाला. घरात ठोका आणि सूर अशी वाटणी लहानपणीच पडलेली, कुणाला बसून ठरवावी लागली नाही. सुरुवातीला हॉवर्ड एवढा लहान, की ज्या क्लबात त्यांचं गाणं वाजायचं तिथं त्याला वयामुळं प्रवेश नाही.

मार्टिनेझ ब्रदर्सचं अजून गोड आहे. ब्रॉन्क्सचे क्रिस आणि स्टीव्ह. चर्चमध्ये ड्रम आणि तालवाद्यं वाजवणारी पोरं. वडील तरुणपणी पॅराडाइज गॅराजला जायचे, न्यूयॉर्कातला तो क्लब जिथं लॅरी लेव्हन वाजवायचा. पोरांना हाऊस घरच्या वडिलांकडूनच मिळालं. हाऊस बनवणाऱ्या डेनिस फेररनं आपल्या लेबलवर त्यांना घेतलं तेव्हा दोघं शाळकरी वयाचे, रात्रीच्या कार्यक्रमाला वडील बरोबर. आपल्याकडं भजनी मंडळात बाप पखवाजाला आणि पोरगं टाळाला असतं तसंच की.

बहिणीही आहेत बरं का, तुम्ही सगळे निस्ते भाऊ-भाऊ करायलात. मेलबर्नच्या नर्व्हो, मिरियम आणि ऑलिव्हिया, जुळ्या. डीजे म्हणून नाव व्हायच्या आधी दोघी दुसऱ्यांसाठी गाणी लिहायच्या. डेव्हिड गेटाचं केली रोलँडनं गायलेलं २००९ चं 'व्हेन लव्ह टेक्स ओव्हर' लिहिणाऱ्यांत या दोघी आहेत. लोक त्यावर नाचत होते तेव्हा यांचं तोंड कुणाला माहीत नव्हतं.

आणि एक सावत्र भावांची जोडी, कारण तिथनंच सगळं सुरू होतं. शिकागोचा वेन विल्यम्स आणि त्याचा सावत्र भाऊ जेसी सॉंडर्स. वेन डीजे. सत्तरच्या दशकात शिकागोच्या दक्षिण भागातल्या पोरांना डिस्को ऐकवून त्यानं नादाला लावलं, चोझन फ्यू नावाची टोळी केली, त्यात भावाला घेतलं. त्याच जेसीनं १९८४ मध्ये 'ऑन अँड ऑन' काढलं. हाऊसची पहिली रेकॉर्ड म्हणून बहुतेक जण तिचंच नाव घेतात. एकानं लोक जमवले, दुसऱ्यानं रेकॉर्ड काढली. तुझ्या घरात हीच मांडणी आहे, फक्त तुम्हा दोघांना ती भांडण वाटते.

पैशाचं एकच सांगते. गाणं बाहेर सोडशील तेव्हा कुणाचा किती वाटा ते आधीच कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. आयपीआरएसला (गाणी लिहिणाऱ्या-बनवणाऱ्यांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासद झालात तर तिथंही गाण्यागणिक वाटा नोंदवावा लागतो. आईला साक्षीदार कर, तिला वाटण्यांचा अनुभव आहे असं दिसतंय.

---

बेसवाला_लातूर

ताई, ते तीनचं पोट आणि चारची पँट फोटो काढून ठेवलं. आमच्या हलगीवाल्याला दाखवतो. तो पंचवीस वर्षं हेच करायलाय आणि आम्ही त्याला म्हणतो, तू मशीनबरोबर वाजव.

---

सेलूचा_धाकटा

दोन महिन्यांनी यायलोय, माफ करा. परीक्षा, मग सोयाबीन, मग तुळशीचं लग्न झालं आणि दादाच्या तारखा सुरू.

ताई, हाय-हॅट तीनवर लिहिलं. पहिल्यांदा लावलं तेव्हा रात्रीचे अडीच वाजलेले. स्पीकर नाही, दादाचा जुना हेडफोन, त्याची उजवी बाजू दाबून धरावी लागते. संबळ आला आणि माझाच खांदा उडाला. लाज वाटली एकट्याला. 'लॅच' पण ऐकलं, तीनदा. चोर आहेत, कळू देत नाहीत.

सकाळी दादाला ऐकवलं. त्यानं कधी नाही ते शेवटपर्यंत ऐकलं. म्हणला, पेन ड्राइव्हवर दे.

मागच्या रविवारी मानवतकडं हळद होती. मी गाडीच्या मागं केबल धरून उभा. दादानं मला न सांगता, दोन चालू गाण्यांच्या मधोमध ते घुसवलं. आणि ऐकतो तर काय, माझा सुरुवातीचा एक मिनिटाचा बिल्डअप गायब! फिल्टर हळूहळू उघडतो, पॅड येतं, ते सगळं. त्यानं कापून टाकलेलं. थेट संबळ आणि किक. माझं डोकं सणकलं. पण समोर दोन बाया हळदीचं ताट घेऊन चालल्या होत्या, त्या ताट हातात ठेवून जागच्या जागी खांद्यानं नाचायला लागल्या. तांब्यातलं पाणी सांडायलंय, ताट सोडत नाहीत. मग पोरं आली. कुणी मामा आले नाहीत. अडीच मिनिटं चाललं आणि दादानं पुढचं गाणं घेतलं. मी म्हटलं अजून चालू ठेवायचं होतं ना. तर म्हणला, "लोकांना अजून पाहिजे असतानाच काढायचं असतं. मामा यायच्या आधी."

घरी येताना आयशरमध्ये मी भांडलो. बिल्डअप कापायच्या आधी विचारायचं नाही का? तो गिअर टाकत म्हणाला, तुझ्या त्या एका मिनिटात माझ्याकडं तीन जण येऊन त्यांचं गाणं लाव म्हणतात. मग फाट्यापर्यंत कुणी बोललो नाही. घराजवळ आल्यावर तो म्हणला, "ते लांबवालं पण ठेव बरं. पंगती चालू असताना लावतो."

म्हणून आता प्रत्येक गाण्याच्या दोन फाइली करतो. एकीचं नाव 'पंगत', दुसरीचं 'हळद'. हळदीची फाइल दादा कापतो, पण माझ्यासमोर बसून. काल आठ मात्रांवरनं तासभर घासाघीस झाली.

वाट्याचा कागद केला. आईनं सही केली नाही, अंगठा करते म्हणाली, गंमत म्हणून. चांगली सातवी पास आहे. मॉनिटर नाही आले, बेस पण नाही आले, जनरेटरचं काम निघालं.

बोर्डाचं: गाडीवर दादाचं नाव, गाण्यावर माझं, इथपर्यंत आलोय. गाडीवर खाली बारीक अक्षरात माझं पण टाकू म्हणतो दादा. पण पेंटर अक्षराच्या हिशेबानं पैसे घेतो, म्हणून मला म्हणायलाय, नाव जरा छोटं शोध.